फुटबॉलची तिकिटे महागल्यावर सामान्य चाहत्याने काय करावे?

एकजुटीने उठून जावे, असे माझे मत आहे. फेब्रुवारी २०१६ मध्ये इंग्लंडच्या लिव्हरपूल क्लबने पुढील हंगामासाठी ७७ पौंडांचे तिकीट जाहीर केल्यावर, संडरलंडविरुद्धच्या सामन्यात संघ २-० ने पुढे असताना हजारो प्रेक्षक ७७व्या मिनिटाला स्टेडियममधून बाहेर पडले. सामना २-२ असा सुटला आणि काही दिवसांतच मालकांनी माफी मागून दरवाढ मागे घेतली. त्याच वर्षी प्रीमियर लीगने (इंग्लंडमधील सर्वोच्च फुटबॉल स्पर्धा) पाहुण्या, म्हणजे आपल्या संघाबरोबर दुसऱ्याच्या मैदानावर जाणाऱ्या, चाहत्यांच्या तिकिटावर ३० पौंडांची मर्यादा घातली. यजमान चाहत्यांना मात्र तशी सवलत नाही. शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर शेंगदाण्याची पुडी घेऊन पाटाकडील आणि शिवाजी मंडळ या स्थानिक संघांची झुंज पाहणाऱ्या आम्हा कोल्हापूरकरांना (मी स्वतः पाटाकडीलचा, हे सांगायलाच हवे) पुढे असलेला संघ सोडून उठणे किती जड जाते, हे चांगलेच कळते.