लेकीला साध्या वेशातली पोलीस व्हायचंय

सेलूहून एका वडिलांनी लिहिलंय: मुलगी बारावी सायन्सला आहे, तिला वेश बदलून गुन्हेगारांत शिरून तपास करायचाय. एका जाहिरातीत ‘डिटेक्टिव्ह कोर्स’ दिसला, फी ६५ हजार. कापसाच्या पैशातून भरू का?

भाऊ, भरू नका. असा खासगी कोर्स केला म्हणून पोलीस खात्यात कुणी घेत नाही. वेश बदलून तपास करणाऱ्यांची वेगळी भरतीही नसते. आधी पोलीस व्हायचं, मग कामाचा वकूब पाहून स्थानिक गुन्हे शाखेत घेतात. बारावीनंतर शिपाई भरती आहे. कोणतीही पदवी घेऊन एमपीएससीतून फौजदार होता येतं, प्रशिक्षण नाशिकच्या अकादमीत. माझ्या मते तिनं पदवी घ्यावीच.

आता कामाचं खरं रूप सांगतो. गांजाच्या सापळ्यात बनावट ग्राहक पाठवतात. माल हाती लागला की खरी कसोटी सुरू होते. अंगझडती राजपत्रित अधिकाऱ्यासमोर किंवा मॅजिस्ट्रेटसमोर घ्यावी असं म्हणण्याचा हक्क आरोपीला असतो, तो त्याला आधी सांगावा लागतो. बाईची झडती बाईनंच घ्यायची, हे १९८५च्या अमली पदार्थविरोधी कायद्यातच आहे. जुलै २०२४पासून झडती-जप्तीचं चित्रीकरणही बंधनकारक आहे. एवढं करून पंच कोर्टात फितूर झाले, तर जिवावर उदार होऊन लावलेला सापळा वाया जाऊ शकतो. म्हणून धाडसाइतकीच पंचनाम्याची भाषा नेमकी लागते. मुलीला आतापासून रोज पानभर नेमकं लिहायला लावा: काय पाहिलं, किती वाजता, कोण होतं.

आपल्या भागात पोलिसांत मुलींची गरज किती, ते बीडनं दाखवलं. २०११च्या जनगणनेत तिथं हजार मुलांमागे ८०७ मुली होत्या. चोरून गर्भलिंग तपासणाऱ्यांना पकडायला गरोदर बाईच बनावट रुग्ण म्हणून पाठवावी लागते. अशा बाईला धीर द्यायला, तिच्याशी आपल्या बोलीत बोलायला पोलिसांत बाई हवीच.

तिला केमिस्ट्री आवडत असेल तर छत्रपती संभाजीनगरची शासकीय न्यायसहायक विज्ञान (फॉरेन्सिक सायन्स) संस्थाही बघा. तिथून पुढे प्रयोगशाळेची वाट मोकळी होते.

एक गोष्ट मात्र तुम्हालाच जमवावी लागेल. रात्री-बेरात्री ती कुठं होती, हे ती घरी सांगणार नाही, आणि तुम्ही विचारायचं नाही. तेवढी तयारी असेल तर कोर्सचे पैसे पदवीच्या फीला ठेवा आणि पहाटे तिच्यासोबत मैदानावर जा.