मोर्चा, ट्रॅफिक आणि आपला राग: वाचकांचे प्रश्न, ताईंची उत्तरं

प्रश्न: नमस्कार ताई, माझं नाशिकमध्ये शालिमारला कपड्यांचं छोटं दुकान आहे. मोर्चा म्हटला की आमचा अर्धा दिवस गेलाच, गिऱ्हाईक फिरकत नाही, सीबीएस बसस्टँडपर्यंत गाड्या तुंबतात, कधी कधी तर शटर खाली घ्यावं लागतं. परत सगळे म्हणतात की हे लोक पैसे देऊन आणलेले असतात. मागण्या असतील तर कलेक्टरला जाऊन भेटा ना, आम्हाला कशाला वेठीस धरता? माझं काही चुकतंय का?
– एक दुकानदार, शालिमार

उत्तर: दादा, तुमचा राग खरा आहे आणि तुमचं नुकसानही खरं आहे, भाडं आणि पोरांचा पगार मोर्चा बघून थांबत नाही, त्यामुळे ‘एवढं सहन करा’ असं मी म्हणणार नाही. पण ‘कलेक्टरला जाऊन भेटा’ म्हणता ना, ते त्यांनी बहुतेक वेळा आधीच केलेलं असतं हो. आपल्याला मोर्चा दिसतो कारण तो रस्त्यावर येतो, त्याच्या आधीची निवेदनं कोणाला दिसत नाहीत. सुरगाणा-पेठकडच्या एका मावशींनी मला मोर्च्यात त्यांच्या पिशवीतली प्लास्टिकची घडी उघडून दाखवली होती, आत निवेदनांच्या पोच, प्रत्येकीवर आवक विभागाचा गोल शिक्का आणि तारीख, तहसीलची वेगळी, प्रांत ऑफिसची वेगळी, वन विभागाची वेगळी, कागद घडीवर फाटायला आलेले. वनपट्ट्याचा, म्हणजे कसत असलेली वनजमीन नावावर करण्याचा दावा होता. वनहक्काचा कायदा झाला 2006 ला, आणि बाई अजून पोच सांभाळत फिरतायत.

पैसे देऊन आणतात म्हणता, तर निवडणुकीच्या सभांना गाड्या भरून माणसं आणतात हे सगळ्यांना माहितीये आणि त्यामुळेच लोकांना सगळीकडे तोच संशय येतो. पण मार्च 2018 आठवा. 6 तारखेला आपल्या सीबीएसवरून शेतकऱ्यांच्या किसान सभेचा लाँग मार्च निघाला, मुंबईपर्यंत साधारण 180 किलोमीटर, डोक्यावर लाल टोप्या, गावोगावी गोळा केलेलं तांदूळ-डाळ-पीठ टेम्पोत, रस्त्याकडेला चूल मांडून स्वयंपाक. तळपायाला फोड येऊन कातडी निघालेले फोटो पेपरात आले ते तुम्ही पण बघितले असतील. भाड्याने आणलेला माणूस उन्हात कसारा घाट उतरून मुंबईपर्यंत चालत जाईल, असं मला तरी वाटत नाही.

आणि त्यांचा एक निर्णय मला फार मोठा वाटतो. 11 मार्चला संध्याकाळी ते सायनजवळ सोमय्या मैदानात पोचले, दुसऱ्या दिवशी दहावीचा पेपर होता, सकाळी निघाले असते तर मुंबईतली पोरं अडकली असती, म्हणून दिवसभर चाललेली ही माणसं झोप सोडून रात्रीतूनच उठली आणि उजाडायच्या आत आझाद मैदानावर गेली. मुंबईकरांनी मग बिस्किटं, पाणी, चपला घेऊन रस्त्यावर उभं राहून त्यांना दिल्या. सरकारने 12 तारखेला लेखी आश्वासन दिलं. पुढे काय झालं? फेब्रुवारी 2019 ला परत नाशिकहून मोर्चा, कारण बरंचसं कागदावरच राहिलं, आणि मार्च 2023 ला दिंडोरीहून परत. म्हणजे ‘हे सारखे सारखे येतात’ हा राग मोर्चेकऱ्यांवर काढायचा की आश्वासन देऊन विसरणाऱ्यांवर, हे तुम्हीच बघा. मी तर म्हणते व्यापारी असोसिएशननेच पोलिसांकडे मागणी करावी की मोर्च्याचा मार्ग आणि वेळ दोन दिवस आधी दुकानदारांना कळवा, अँब्युलन्सला लेन मोकळी ठेवा. त्याने तुमचा अर्धा त्रास कमी होईल.

प्रश्न: मराठा क्रांती मोर्चा मूक होता, कचरासुद्धा उचलला. सगळ्यांनी तसंच करावं, घोषणा आणि रास्ता रोको कशाला?
– निवृत्त शिक्षक, इंदिरानगर

उत्तर: सर, 24 सप्टेंबर 2016 चा नाशिकचा मोर्चा माझ्याही डोळ्यांसमोर आहे, एवढी गर्दी आणि एवढी शांतता, त्याचं कौतुक कमीच. पण शांत राहिलं की लोक आदर देतात, हे दर वेळी होत नाही. आपल्याच पंचवटीत 2 मार्च 1930 ला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला, बाबासाहेब आंबेडकर आणि दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली हजारो दलित माणसं शिस्तीत दारापाशी येऊन बसली. मागणी काय, तर देवळात जाऊ द्या. दरवाजे बंद झाले, रामनवमीच्या रथाच्या वेळी त्यांच्यावर दगडफेक झाली, आणि वर्षानुवर्षं सत्याग्रह चालवूनही तेव्हा दार उघडलं नाही. तेव्हाच्या नाशिकच्या बऱ्याच प्रतिष्ठित लोकांना हे आंदोलन उपद्रवच वाटत होतं, आज आपण तिथे अभिमानाने उभे राहतो. अमेरिकेत पण तेच, 1963 ला मार्टिन ल्युथर किंगचा वॉशिंग्टनचा मोर्चा निघायच्या आधी गॅलप या जनमत चाचणी संस्थेने विचारलं तर ज्यांनी त्याबद्दल ऐकलं होतं त्यातल्या 60 टक्के लोकांचं मत विरोधात होतं. त्यामुळे लोकांना आज पटत नाही एवढ्यावरून मागणी चुकीची ठरवू नका सर.

एका गोष्टीत मात्र मी पूर्ण तुमच्या बाजूने आहे. एसटीवर दगड मारणं मला कधीच पटलेलं नाही. त्या गाडीत कळवण-सटाण्याचीच माणसं बसलेली असतात, दवाखान्यात निघालेली, बाजाराला निघालेली. कांद्याच्या भावासाठी चांदवडला हायवे अडवणारा शेतकरी आणि काच फोडून पळणारा पोरगा यांना एकाच मापाने मोजू नका एवढंच.

प्रश्न: ताई, भरतीची जाहिरात निघत नाही म्हणून आम्ही मुलं-मुली कलेक्टर ऑफिसवर जाणार आहोत. पप्पा म्हणतात केस पडली तर नोकरी विसर. जाऊ का?
– विद्यार्थिनी, नाशिकरोड

उत्तर: पप्पांची भीती उगाच नाही ग, चारित्र्य पडताळणीत गुन्हा दिसतो आणि मग वर्षानुवर्षं तारखा. पण शांततेने, विनाशस्त्र एकत्र जमायचा हक्क तुला संविधानाच्या कलम 19 ने दिलाय, आणि सुप्रीम कोर्टाने 1972 लाच हिम्मतलाल शहा केसमध्ये सांगितलंय की सरकारला सगळ्याच रस्त्यांवर सभाबंदी घालता येत नाही. उलट बाजू पण ऐक, 2020 ला शाहीनबागच्या निकालात कोर्ट म्हणालं की सार्वजनिक रस्ता बेमुदत अडवून बसता येणार नाही.

आता कामाचं. आयोजकांना विचार की पोलिसांची परवानगी लेखी आहे का, तिचा फोटो मोबाईलमध्ये ठेव. नाशिक शहरात महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम 37 चे मनाई आदेश वरचेवर लागतात, ते चालू असले की विनापरवानगी पाच जण जमले तरी गुन्हा होऊ शकतो, पूर्वीचं 144 म्हणजे आताचं बीएनएसएसचं, म्हणजे नव्या फौजदारी प्रक्रिया कायद्याचं कलम 163, ते वेगळं. बॅरिकेडला हात लावू नको, ढकलाढकली सुरू झाली की कडेला हो. अटक केलीच तर 24 तासांत मॅजिस्ट्रेटसमोर न्यावंच लागतं, आणि अपवादात्मक कारण सोडलं तर बाईला सूर्यास्तानंतर अटक करता येत नाही. आणि पप्पांपासून लपवून जाऊ नको, मार्ग, वेळ आणि दोन मैत्रिणींचे नंबर त्यांना लिहून दे, त्यांना सुट्टी असेल तर त्यांनाच सोबत घेऊन ये, कलेक्टर ऑफिसच्या गेटपर्यंत तरी.