वाचक विचारतात : किक नेमकी कुठे चुकते?

अमेरिकन कॉलेज फुटबॉलमधल्या एकाच संघाच्या चाहत्यांची बरीच पत्रे या महिन्यात आली. संघ हरतो आहे, किक हुकते आहे आणि दोष कुणाचा यावर त्यांच्यात एकमत नाही. निवडक प्रश्न थोडक्यात देऊन उत्तरे देत आहोत.

प्रश्न : लागोपाठ तीन सामने थोडक्यात गेले. एकात ३८ यार्डांची किक उजवीकडे गेली, दुसऱ्यात २९ यार्डांची अडवली गेली, तिसऱ्यात एक्स्ट्रा पॉइंट (टचडाउननंतर, म्हणजे चेंडू गोल रेषेपलीकडे नेल्यावर, मिळणारी एका गुणाची किक) खांबाला लागला. आता तरी किकर बदलायचा की नाही?

लगेच नाही. या तीन चुका तीन वेगळ्या जातीच्या आहेत आणि त्या एकाच माणसाच्या नावावर टाकल्या तर खरे दुखणे तसेच राहील. फील्ड गोल, म्हणजे गोलपोस्टच्या दोन खांबांमधून मारायची तीन गुणांची किक, तिघांचा असतो : चेंडू मागे फेकणारा स्नॅपर, तो धरून ठेवणारा होल्डर आणि किकर. पुढे लाइन, म्हणजे प्रतिस्पर्ध्यांना रोखणारी खेळाडूंची रांग, उभी असते ती वेगळीच. स्नॅपरच्या हातून चेंडू हलल्यापासून पाय लागेपर्यंत सुमारे १.३ सेकंद मिळतात. आधी हेच मोजा. सेकंदाला ३० चित्रे असणाऱ्या व्हिडिओत १.३ सेकंद म्हणजे ३९ चित्रे. ती ४२ च्या पुढे गेली, तर स्नॅप किंवा होल्ड रेंगाळला आहे आणि कडेने धावत येणाऱ्याला वेळ मिळाला आहे. आकडा ३६ च्या खाली दिसला, तर किकर घाई करतो आहे.

आता एकेक किक पाहू. ३८ यार्डांवर, म्हणजे ११४ फुटांवर, मैदानाच्या मधोमध चेंडू असेल तर दोन्ही बाजूंना जेमतेम साडेचार अंशांची मोकळीक असते. दिशा ५ अंश चुकली की चेंडू जवळजवळ १० फूट बाजूला जातो आणि खांब तर मध्यापासून ९ फूट ३ इंचांवरच आहे. उजव्या पायाच्या किकरची किक उजवीकडे जाते तेव्हा आधी त्याचा टेकवलेला डावा पाय बघा. त्या पायाचा अंगठा लक्ष्याकडे आहे की उजवीकडे वळला आहे? मग कंबर बघा. अंग मागे झुकले आणि कंबर पूर्ण फिरली नाही, तर पाय चेंडूला ढकलतो आणि तो उजवीकडेच जातो. उलट कंबर जास्त फिरून अंग डावीकडे कोसळले, तर चेंडू डावीकडे ओढला जातो. डावा पाय चेंडूच्या फार मागे पडला तर किक उंच आणि आखूड जाते, फार पुढे पडला तर खाली राहते.

अडवलेल्या किकमध्ये मात्र किकरला दोष देण्याआधी लाइनकडे पाहावे. चेंडू स्क्रिमेज लाइनच्या (जिथून डाव सुरू होतो त्या रेषेच्या) ७ यार्ड, म्हणजे २१ फूट मागे असतो. उडी मारणाऱ्याचा हात १० फुटांवर धरला, तर त्याच्यावरून जायला सुमारे २६ अंशांची चढण पुरते. पण आपली लाइन २ यार्ड मागे रेटली गेली, की तेच अंतर १५ फूट होते आणि लागणारी चढण ३४ अंशांवर जाते. म्हणून किक अडवली गेली की त्याच चित्रात लाइनच्या मध्याजवळच्या गार्ड खेळाडूंचे पाय कुठे आहेत ते आधी पाहा. ते जागेवर असतील आणि तरी चेंडू हाताला लागला असेल, तर किक खाली होती.

एक्स्ट्रा पॉइंटचे वेगळे आहे. कॉलेजमध्ये तो ३ यार्ड लाइनवरून, म्हणजे गोल रेषेच्या ३ यार्ड अलीकडून, घेतात. त्यात एंड झोनचे (गोल रेषेमागच्या पट्टीचे, जिच्या मागच्या कडेला खांब असतात) १० आणि होल्डरचे ७ यार्ड मिळवले की किक २० यार्डांची होते. दोन हॅश मार्कच्या (मैदानाच्या लांबीने जाणाऱ्या खुणांच्या दोन रांगांच्या) दरम्यान चेंडू कुठे ठेवायचा हे किक मारणारा संघच ठरवतो. (एनएफएल या व्यावसायिक लीगने २०१५ मध्ये ही किक १५ यार्ड लाइनवर नेली, ती ३३ यार्डांची झाली.) मधोमध ठेवलेली २० यार्डांची किक खांबाला लागते तेव्हा पायाच्या ताकदीचा प्रश्नच नसतो. स्नॅप उंच आला का, होल्डरने चेंडू नेमक्या खुणेवर टेकवला का, हे तपासा.

बदलायचेच ठरले, तर सरावात रोज धातूच्या स्टँडवर ठेवलेल्या चेंडूवर कोण चांगला मारतो यावरून ठरवू नये. स्टँडवर चेंडू स्थिर असतो आणि समोरून कोणी येत नाही. खरा स्नॅपर, खरा होल्डर, अंगावर येणारी लाइन अशा स्थितीत दोघांच्या किक नोंदवाव्यात : अंतर, कोणता हॅश, वारा, लागलेला वेळ आणि चूक कोणत्या बाजूला. दोन आठवड्यांची अशी वही हाताशी असली, की वाद मिटायला बरीच मदत होते.

प्रश्न : मधून मारतो तेव्हा चेंडू सरळ जातो, पण कडेच्या हॅशवरून अगदी जवळची किकही चुकते. जवळून तर सोपी असायला हवी ना?

हे समजून घेण्यासारखे आहे, कारण कॉलेजच्या मैदानातच ती अडचण आहे. दोन हॅश मार्कमधले अंतर कॉलेजमध्ये ४० फूट आहे. एनएफएलमध्ये ते १८ फूट ६ इंच, म्हणजे बरोबर गोलपोस्टच्या रुंदीइतके. त्यामुळे व्यावसायिक किकरचा चेंडू कधीच खांबांच्या बाहेर नसतो. कॉलेजचा किकर हॅशवर असतो तेव्हा चेंडू जवळच्या खांबाच्याही सुमारे पावणेअकरा फूट बाहेर असतो.

चेंडू १० यार्ड लाइनवर आणि हॅशवर आहे असे धरा. किक २७ यार्डांची. मधोमध असता तर दोन खांबांमधली फट १३ अंशांची दिसली असती, हॅशवरून ती १२ अंशांहून थोडी जास्त दिसते. म्हणजे फट फारशी अरुंद होत नाही. बदलते ते उभे राहणे : किकरला सगळी मांडणी जवळजवळ १४ अंश वळवून घ्यावी लागते. ४५ यार्डांवरून हेच वळण साडेआठ अंशांच्या आत असते. जितके जवळ, तितके वळण जास्त, ते यामुळेच.

किकर मैदानावरच्या आडव्या यार्ड रेघा पाहून पावले मोजत असेल, तर तो नकळत सरळ उभा राहतो आणि शेवटच्या पावलात दिशा दुरुस्त करायला जातो. उपाय असा : चेंडूच्या जागेवर उभे राहून दोन खांबांच्या मध्यामागची एखादी ठळक वस्तू, दिव्याचा खांब किंवा प्रेक्षागारातला जिना, डोळ्यांनी पकडायची. त्या रेषेत तीन पावले मागे, मग दोन पावले डावीकडे. यार्ड रेघांकडे पाहायचेच नाही. आणि प्रशिक्षकांनी, वेळ असेल तर, तिसऱ्या डाउनला (१० यार्ड पुढे जाण्यासाठी मिळणाऱ्या चार डावांपैकी तिसऱ्याला) चेंडू मधोमध आणणारी धाव खेळावी. त्यात एखादा यार्ड गेला तरी चालेल.

प्रश्न : होल्डर फक्त चेंडू धरतो. त्याच्यामुळे किक चुकते हे कारण सांगण्यापुरते नाही का?

नाही. त्याचे काम अर्ध्या सेकंदाचे आहे, पण त्यात चार गोष्टी आहेत. एका हाताचे बोट खुणेवर ठेवून दुसरा हात स्नॅपरसमोर लक्ष्य म्हणून धरायचा. चेंडू दोन्ही हातांत घ्यायचा. टोक खुणेवरच टेकवायचे. लेस, म्हणजे चेंडूवरची दोरीची शिवण, पुढे, गोलपोस्टकडे फिरवायच्या. यातली तिसरी गोष्ट चुकली, चेंडू खुणेपासून तीन इंच सरकला, तर किकरने आधीच ठरवलेला डावा पाय चुकीच्या जागी पडतो. लेस किकरकडे राहिल्या तर पाय गुळगुळीत चामड्याऐवजी उंचवट्यावर बसतो. बाजूला राहिल्या तर चेंडू त्या बाजूला वळण्याची शक्यता वाढते.

चांगला स्नॅपर हे काम हलके करतो. ७ यार्डांत चेंडू किती वेळा फिरतो हे त्याचे ठरलेले असते. लेस सारख्या तिरक्या येत असतील तर तो पकड बदलतो किंवा होल्डर अर्धे पाऊल पुढेमागे होतो. होल्डर म्हणून राखीव क्वार्टरबॅकपेक्षा (पास फेकणाऱ्यापेक्षा) पंटर (चेंडू हातातून सोडून लांब मारणारा) बरा, असे आमचे स्पष्ट मत आहे. क्वार्टरबॅक सरावाचा बहुतेक वेळ दुसऱ्या टोकाला असतो, पंटर मात्र दिवसभर किकरबरोबरच असतो.

प्रश्न : चौथा डाउन, चार यार्ड हवेत, चेंडू ३४ यार्ड लाइनवर. प्रशिक्षकांनी किकरला पाठवले आणि किक आखूड पडली. हा निर्णयच चुकीचा नव्हता का?

३४ मध्ये एंड झोनचे १० आणि होल्डरचे ७ यार्ड मिळवा : किक ५१ यार्डांची. तुमचा किकर अशा १० पैकी ४ मारत असेल, तर त्या किकची सरासरी किंमत १.२ गुण. चुकली तर कॉलेजच्या नियमाने चेंडू प्रतिस्पर्ध्याला आधीच्या जागी, म्हणजे ३४ वर मिळतो (आधीची जागा २० च्या आत असेल तर २० वर). एनएफएलमध्ये किक जिथून मारली तिथून मिळतो, त्यामुळे तिथली चूक आणखी महाग पडते. तरीही चार यार्डांसाठी खेळण्याची बाजू इथे जड आहे, विशेषतः किकरचा आत्मविश्वास गेलेला असताना.

निर्णय त्या क्षणी घ्यायचाच नसतो. सामन्यापूर्वीच्या सरावात किकरने दोन्ही दिशांना, त्या दिवसाच्या वाऱ्यात, आपली शेवटची भरवशाची रेषा ठरवून प्रशिक्षकांना सांगायची : या टोकाला ३२, त्या टोकाला २८. थंडी असेल तर रेषा आणखी आत घ्यायची, कारण चेंडूतल्या हवेचा दाब उतरतो आणि तो कमी उडतो.

आखूड पडणाऱ्या किकचा आणखी एक धोका आहे. ३० नोव्हेंबर २०१३ रोजी ऑबर्नच्या मैदानावर, २८–२८ अशी बरोबरी असताना अलाबामाने शेवटच्या सेकंदाला ५७ यार्डांची किक मारली. ती आखूड पडली, ऑबर्नच्या ख्रिस डेव्हिसने एंड झोनमध्ये झेलली आणि पूर्ण मैदान धावून सामना ३४–२८ असा जिंकला. फील्ड गोलच्या वेळी मैदानावर बहुतेक वजनदार लाइनमन असतात, त्यांना पाठलाग जमत नाही. लांब किक मारायचीच असेल तर कोण कुठे धावणार हे आधी ठरलेले हवे.

प्रश्न : १९७७ साली कॉलेजचे किकर ६७ यार्ड मारत होते. आताच्या मुलांना ४५ का जमत नाहीत?

त्या वर्षी टेक्ससच्या रसेल एर्क्सलेबेनने आणि आर्कान्सॉच्या स्टीव्ह लिटलने ६७ यार्डांचे फील्ड गोल केले हे खरे. पण तेव्हा चेंडू टीवर (जमिनीवरच्या छोट्या आधारावर) ठेवता येत असे आणि गोलपोस्ट २३ फूट ४ इंच रुंद होते. १९८९ पासून टी बंद झाली, १९९१ पासून पोस्ट १८ फूट ६ इंचांवर आले. त्याच १९९१ च्या मोसमात फ्लोरिडा स्टेटची मायामीविरुद्धची ३४ यार्डांची किक उजवीकडून गेली आणि सामना १७–१६ असा हातचा गेला. जमिनीवरून आणि अरुंद पोस्टमध्ये मारणाऱ्या आजच्या मुलांची तुलना त्या आकड्यांशी करणे अन्याय आहे.

प्रश्न : ऑस्ट्रेलियाचा एखादा खेळाडू आणला तर प्रश्न सुटेल का?

पंटचा सुटू शकतो, फील्ड गोलचा नाही. २०१३ ते २०१७ अशी सलग पाच वर्षे सर्वोत्तम कॉलेज पंटरचा रे गाय पुरस्कार ऑस्ट्रेलियन खेळाडूंना मिळाला. पण त्यांच्या खेळात चेंडू हातातून सोडून मारतात, जमिनीवर धरलेला नव्हे. ते कौशल्य वेगळे.

आणि त्यांची धावत पंट मारण्याची पद्धत वापरताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी : पंटर चेंडू घेऊन टॅकल बॉक्सच्या (स्नॅपरच्या मागच्या ठरावीक चौकोनी भागाच्या) बाहेर गेला, की पंटर म्हणून मिळणारे नियमांचे संरक्षण संपते.

प्रश्न : वेळ संपत आलेली, टाइमआउट नाही. आमचे किकिंग युनिट धावत आले, पण किक होण्याआधीच घड्याळ शून्यावर गेले. याचा सराव असतो का?

असायलाच हवा, आठवड्यातून किमान एकदा, घड्याळ चालू ठेवून. युनिटचे सगळे जण तिसऱ्या डाउनच्या आधीच बाजूरेषेवर एकत्र, हेल्मेट घालून उभे हवेत. चेंडू थांबताच एकाच माणसाने हाक द्यायची. आक्रमणाचे खेळाडू जवळच्या बाजूने नव्हे, तर युनिटच्या वाटेत येणार नाहीत अशा बाजूने बाहेर पळायचे. होल्डरने आधी जागा पकडायची, किकरने पावले मोजायची, आणि लाइन स्थिर झाल्याशिवाय स्नॅप नाही. या सगळ्याला १५ ते १८ सेकंद धरा. सरावात तुमच्या युनिटला २० लागत असतील, तर सामन्यात २० पेक्षा कमी उरल्यावर हा प्रकार करू नका. बाजूरेषेजवळच्या खेळाडूकडे पास टाका किंवा चेंडू जमिनीवर आपटून घड्याळ थांबवा. मात्र कॉलेजच्या नियमाने चेंडू आपटून पुन्हा खेळायला मिळण्यासाठी घड्याळात किमान ३ सेकंद उरलेले असावे लागतात. २ किंवा १ असतील तर एकच डाव मिळतो आणि तो किकचाच असायला हवा.