ती फाईल आधी मागून घे

माई, मी बडोद्याची, दांडिया बाजारात राहते. वय 47, शाळेत गणित शिकवते. गेली चारपाच वर्षं डोकं साथ देत नाही. फळ्यासमोर सतराचा पाढा अडतो. परवा खंडेराव मार्केटात कोथिंबिरीचं नाव आठवेना, बोटाने दाखवून जुडी घेतली. रात्री घामाने उशी भिजते. आईला सत्तरीत विस्मरणाचा आजार लागला, मला आत्ताच लागला का? 42 व्या वर्षी पिशवी काढली, बाकी तब्येत ठीक. डॉक्टर यांच्याशीच बोलले, फाईल यांच्याकडेच असते. हे फार समजूतदार आहेत, माझी सगळी कामं अंगावर घेतली. म्हणतात, नोकरी सोड. सोडू का?

अगं, नोकरी अजिबात सोडायची नाही.

ऑपरेशन 42 व्या वर्षी. आज वय 47. त्रास चारपाच वर्षांचा. गणिताची बाई तू, आणि एवढी वजाबाकी केली नाहीस? तीन पानांच्या पत्रात पिशवीला एक ओळ दिलीस, तीही ‘बाकी ठीक’ म्हणून पुढे जायला.

मला एकच सांग: पिशवीबरोबर बीजकोशही, म्हणजे ओव्हरी, काढले का? तुला माहीत नाही, हे मला पत्रावरूनच कळलं. आपल्याकडे ‘पिशवी काढली’ म्हटलं की त्यात सगळंच गुंडाळलं जातं. पिशवी गेली की पाळी थांबते. पण इस्ट्रोजेन हे हार्मोन तयार होतं ते बीजकोशांत. ते दोन्ही काढले तर जे एरवी काही वर्षांत हळूहळू ओसरतं, ते एका दिवसात तुटतं. आणि मेंदूला, त्यातही आठवणी सांभाळणाऱ्या भागाला, ते लागतं.

अमेरिकेत मेयो क्लिनिकच्या डॉ. वॉल्टर रोका आणि सहकाऱ्यांनी 2007 मध्ये अशा बायकांची पाहणी छापली. पाळी जाण्याआधी बीजकोश काढलेल्यांत पुढे स्मृतीचा त्रास जास्त दिसला. ऑपरेशनच्या वेळी वय जितकं कमी, तितका धोका जास्त. पण ज्यांना पन्नाशीपर्यंत इस्ट्रोजेन दिलं होतं, त्यांच्यात तो वाढलेला दिसला नाही. घाबरवायला सांगत नाही. तुझी पन्नाशी अजून तीन वर्षं लांब आहे, म्हणून घाई करतेय.

‘हार्मोन घेतले की कॅन्सर’ असं कोणीतरी म्हणेलच. ती भीती पसरली 2002 मधल्या, पाळी गेलेल्या बायकांना हार्मोन देऊन पाहिलेल्या अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीमुळे. त्यातल्या बायकांचं सरासरी वय 63 होतं, आणि विस्मरणाचा धोका वाढलेला दिसला तो पासष्टीच्या पुढच्यांत. बेचाळिशीत बीजकोश गेलेल्या बाईला तो हिशेब लावायचा नसतो.

बीजकोश ठेवले असतील तर तुझं पाळी जाण्याचं वयच चालू आहे. पिशवी नाही म्हणून तुला ते कळत नाही, इतकंच. पाळी जाण्याच्या वयातल्या बायकांवरच्या अमेरिकेतल्या ‘स्वान’ अभ्यासात 2009 साली दिसलं की या काळात नवं शिकण्याचा वेग मंदावतो आणि नंतर पुन्हा जागेवर येतो. आईचं सत्तरीत सुरू झालं. तुझं ऑपरेशननंतर, घामासकट, रात्री जागून. मला ही दोन दुखणी एक वाटत नाहीत.

नवऱ्याचं कौतुक मला जमणार नाही. बायकोच्या हातातली कामं काढून घेणं त्याला सुचलं, स्वतःच्या कपाटातली फाईल उघडणं सुचलं नाही.

ती फाईल आज माग. डिस्चार्ज कार्डावर ‘बी.एस.ओ.’ ही तीन अक्षरं शोध. असतील तर दोन्ही बीजकोश आणि नळ्या काढल्या आहेत. कार्ड सापडलं नाही तर पॅथॉलॉजीचा रिपोर्ट बघ, काय काय काढून तपासायला पाठवलं ते त्यात असतं. तोही नसेल तर दवाखान्यात जाऊन नक्कल माग, तुझा हक्क आहे. मग ती घेऊन स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जा. स्तनाचा कॅन्सर किंवा रक्ताच्या गुठळ्या कधी झाल्या असतील तर आधी सांग. थायरॉइड आणि बी-12 तपासायला लाव. डॉक्टरांसमोरच्या खुर्चीत तू बसायचं, बोलायचं तू. नवरा सोबत आला तर त्याला बाहेरच्या बाकावर बसव.

आणि कार्डावर काय निघालं, ते मला दोन ओळींत कळव. मी वाट बघतेय.

तुझी,
माई