जर्मनीला जाणाऱ्या मुलीचे कपडे: नागपुरात काय घ्यावे, तिकडे काय

आपली मुलगी ऑक्टोबरमध्ये शिक्षणासाठी जर्मनीला निघाली आहे आणि तिचा जाड कोट, स्वेटर व बूट बर्डी-इतवारीतूनच घेऊन द्यावेत की तिला तिकडे घेऊ द्यावेत, असे आपण विचारले आहे. मी नऊ वर्षे श्टुटगार्टला राहून नागपुरात परतले आहे. माझे मत असे की कोट आणि बूट इथून मुळीच घेऊ नयेत. जे शिवून घ्यावे लागते ते मात्र सगळे इथेच करून घ्यावे.

आपल्याकडचे जॅकेट डिसेंबरच्या पहाटे स्कूटरवर पुरते, पण तिथल्या हिवाळ्यात कपड्याच्या जाडीपेक्षा वारा आणि पाणी अडवणे महत्त्वाचे असते. शिवाय खोल्या, वर्ग आणि गाड्या तापवलेल्या असल्यामुळे एकच जाडजूड स्वेटर घातलेली व्यक्ती आत शिरताच घामाघूम होते. म्हणून आत अंगालगत पातळ लोकरीचा किंवा पॉलिस्टरचा थर, त्यावर साधा स्वेटर आणि वरून कमरेखाली येणारा, टोपी असलेला कोट, असे सहज काढता-घालता येणारे थर असावेत. सुती कपडा घाम धरून ठेवतो आणि बाहेर पडल्यावर तोच गार पडतो, त्यामुळे अगदी आतला थर सुती नको. बूट लोकरी मोजे घालूनच पायात घालून पाहावेत. तेवढ्या कारणासाठीसुद्धा ते तिथेच घेणे बरे.

खरी अडचण मापाची येते, आणि तिच्याविषयी इथे कोणी आधी सांगत नाही. तिथल्या बायकांच्या कपड्यांवर ३६, ३८, ४० असे आकडे असतात. ते छातीचे इंच नव्हेत. जर्मनीतला ३८ फ्रान्समध्ये ४० आणि इटलीत ४४ होतो, म्हणून ऑनलाइन मागवताना आकड्यावर विसंबू नये, छाती, कंबर आणि नितंब यांची सेंटिमीटरमधली मापे तक्त्याशी ताडून पाहावीत. आपल्या मुलींना बहुधा बाह्या आणि पँटची लांबी जास्त होते. त्यासाठी तिथे आखूड बांध्याची वेगळी मापे मिळतात आणि त्यांचा आकडा नेहमीच्या मापाच्या निम्मा असतो, म्हणजे ३८ ऐवजी १९. मला हे तिसऱ्या वर्षी कळले. तोवर मी प्रत्येक पँट कापून घेत होते, आणि तिथली शिलाई आपल्या गल्लीतल्या शिंप्याच्या दराने होत नाही. लहान चणीच्या मुलीने मुलांच्या विभागातही पाहावे. तिथे माप उंचीवर असते, १५८, १६४, १७० असे, आणि तसाच कोट पुष्कळदा स्वस्त मिळतो.

किमतीत १९ टक्के कर आधीच धरलेला असतो आणि घासाघीस होत नाही. हिवाळी कपड्यांचे भाव जानेवारीच्या अखेरीस उतरतात, तेव्हा पहिल्या महिन्यात जुन्या कपड्यांच्या दुकानातला एखादा धड कोट घेऊन चांगला कोट सेलमध्ये घ्यावा, असे मी सुचवीन. ऑनलाइन घेतलेली वस्तू १४ दिवसांत परत करण्याचा हक्क कायद्याने मिळतो, दुकानात घेतलेली निर्दोष वस्तू परत घेणे मात्र दुकानदाराच्या मर्जीवर असते. एका दुकानात घेतलेला कोट घरी आल्यावर खांद्यात आवळला, परंतु लेबल काढून टाकल्यामुळे तो मला परत करता आला नाही. म्हणून बिल आणि लेबल दोन्ही जपायला तिला आवर्जून सांगावे.

इथून द्यायचे ते असे: सुती अंतर्वस्त्रे, दोन-तीन कुर्ते आणि फॉल-पिको केलेली एक साडी. ब्लाउजच्या शिवणीत भरपूर माया ठेवायला सांगावी, कारण परदेशात पहिल्याच वर्षी वजन बदलते आणि उसवून सैल करता येणारा ब्लाउजच तेव्हा उपयोगी पडतो. राहिलेले नंतर कुरियरने पाठवू, असा विचार करू नये. घरच्यांनी पाठवलेल्या भेटीवरही ४५ युरोंच्या वर किंमत गेली की कर लागतो.

एक गोष्ट मात्र हातातल्या बॅगेत असू द्या: साधा स्वेटर आणि वारा अडवणारे पातळ जॅकेट. रविवारी तिथे कपड्यांची दुकाने बंद असतात, आणि विमान शनिवारी रात्री पोहोचणार असेल तर सोमवारपर्यंत तिला त्यावरच काढावे लागेल.