‘हुशार आहेस’ एवढ्याने धीर येत नाही

प्रश्न : बाई, मुलगा सहावीत आहे. अपूर्णांक सुरू झाल्यापासून वही उघडली की ‘मला नाही जमणार’ म्हणतो. ‘अरे, तू हुशार आहेस, जमेल’ असं आम्ही दोघंही सांगतो, तर उलट चिडतो. क्लासच्या वहीतलं एक पान सोबत पाठवतेय. त्याला धीर कसा द्यायचा?
– एक आई, भांडुप

उत्तर : ताई, पान नीट पाहिलं. गणित आहे २/३ + १/४. त्याने लसावि १२ काढलाय, बरोबर. २/३ चे ८/१२ केलेत, तेही बरोबर. १/४ चा छेद मात्र १२ केला आणि अंश १ तसाच ठेवला, म्हणून ११/१२ ऐवजी ९/१२ आलं. चुकली ती एवढी एकच पायरी, आणि तांबडी फुली मारलीय अख्ख्या गणितावर! त्या फुलीतून पोराला एवढंच कळलं की आपल्याला काहीच येत नाही. त्यानंतर तुम्ही ‘हुशार आहेस’ म्हटलंत तर त्याला ते पटणार कसं? खोटं कौतुक मुलं चटकन ओळखतात.

त्याऐवजी बोट ठेवून दाखवा : ‘लसावि तू स्वतः काढलास. हे ८ पण बरोबर. आता सांग, ४ चे १२ करताना कितीने गुणलंस? मग वरच्या १ चं काय करायचं?’ एवढं विचारून गप्प बसा. पेन्सिल त्याच्याच हातात राहू द्या. हे ‘गप्प बसा’ आईबापांना फार जड जातं, पण तिथेच खरं काम होतं. ‘मला जमतं’ हा विश्वास मुख्यतः स्वतः करून जमल्यानेच येतो, हे मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांनी १९७७ मध्ये मांडलं. शाबासकीचा उपयोग होतो, पण ती खऱ्या कामाला धरून हवी.

अभ्यासाचा घासही लहान ठेवा. बांडुरा आणि डेल शंक यांनी १९८१ मध्ये वजाबाकीत कच्च्या मुलांवर एक प्रयोग केला. काहींना दर बैठकीला ६ पानं करायला सुचवलं, काहींना सात बैठकांत मिळून ४२. काम तेवढंच, पण ६-६ पानं करणाऱ्यांचा आत्मविश्वास जास्त वाढला, वजाबाकीही जास्त सुधारली आणि गोडीही लागली. तुम्ही रोज चारच गणितं द्या. ती झाली की वही बंद, पाचवं नको.

बिल्डिंगमधल्या नव्वद टक्केवाल्याचं उदाहरण मात्र अजिबात देऊ नका. गेल्या वर्षी अपूर्णांकांतच अडलेला एखादा सातवीतला मुलगा असेल तर त्याला रविवारी बोलवा. ‘मीपण इथेच चुकायचो’ हे त्याच्या तोंडून ऐकणं वेगळं.

आणि क्लासच्या सरांना एकदा भेटा. तक्रार करू नका, एवढीच विनंती करा की सर, चुकलेल्या पायरीखाली रेघ मारा, बरोबर पायऱ्यांना बरोबरची खूण द्या. वह्यांचा गठ्ठा मोठा असला तरी हे जमतं. परळच्या शाळेत मी वर्षानुवर्षं अशाच वह्या तपासल्या आहेत.