नकाशा देऊन झाल्यावर

"मॅडम, उपयोजित भूगोल घेतला तर संशोधनाचं दार कायमचं बंद होईल ना?" मी विद्यार्थ्यांना अभ्यासक्रम निवडायला मदत करणारी समुपदेशक. पदव्युत्तर प्रवेशाचे दिवस आले की हा प्रश्न माझ्यासमोर येतोच. कुणी उलट बाजूनेही विचारतं: "संशोधनाकडे गेलो तर नोकरीचं काय?"

या काळजीने आलेला एक मुलगा (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत) वर्गात पहिला होता. हा संशोधनच करणार, असं शिक्षकांनी ठरवून टाकलं होतं. तोही तेच म्हणायचा, पण अर्जातला संशोधन-विषयाचा रकाना दोन महिने कोरा होता. तीन भेटी त्या रकान्याभोवतीच गेल्या. चौथ्या भेटीत मी अर्ज बाजूला ठेवायला लावला. म्हटलं, "शेवटी केलेलं काम सांग."

इंटर्नशिपमध्ये त्याने सेंटिनेल-१ उपग्रहाच्या रडार प्रतिमांवरून पुराचा नकाशा केला होता. रडारला ढग आड येत नाहीत. संथ पाण्यावरून लहरी दुसरीकडेच परावर्तित होतात, म्हणून पाणी काळं दिसतं. पण डोंगराआड जिथे लहरी पोचतच नाहीत, ती रडार-सावलीही काळीच दिसते. टेकडीच्या पायथ्याशी असाच एक काळा पट्टा होता. त्याने भोवती तुटक रेघ काढली, 'खात्री नाही' असं लिहिलं आणि नकाशा वेळेत दिला.

"ते पाणी होतं की सावली, नंतर शोधलंस?"

"नाही मॅडम. पहाटे त्या नकाशावर बोटी निघणार होत्या. त्या लोकांना तुटक रेघेचा अर्थ कळेल का, याचीच धाकधूक होती. उजाडल्यावर फोन करून विचारलं."

सांगताना टेबलावर बोटाने तीच रेघ पुन्हा काढत होता. बोट मध्येच थांबलं. मी गप्प राहिले. बऱ्याच वेळाने म्हणाला, "दुसरा कुणी त्या पट्ट्यापाशीच अडकला असता, नाही का?"

उत्तर समोरच्याकडेच असतं, आपण घाई करून ते हिरावून घेऊ नये, या विश्वासावर मी इतकी वर्षं काम करते आहे. त्या दिवशी त्यात एक भर पडली. 'आवड कशात आहे' असं विचारलं की मुलं पाठ केलेलं उत्तर देतात. काम संपल्यावर मन कुठे रेंगाळतं, ते विचारावं. 'असं का होतं' यापाशी रेंगाळत असेल, तर संशोधनाची वाट. 'हे पोचलं का, वापरता आलं का' यापाशी असेल, तर उपयोजित.

यात वरचं-खालचं काही नाही, हे मी आग्रहाने सांगते. १९६०च्या दशकात भूगोलतज्ज्ञ रॉजर टॉमलिन्सन यांनी कॅनडात जीआयएस (नकाशे आणि त्यांवरची माहिती संगणकात जोडून हाताळणारी प्रणाली) उभं केलं, ते देशातल्या जमिनींचा वापर आणि क्षमता नोंदवण्यासारख्या व्यावहारिक गरजेतून. त्यातून पुढे संशोधनाचं अख्खं क्षेत्र उभं राहिलं.

दाराचं म्हणाल, तर अभ्यासक्रमाचं नाव बघू नका, आत काय आहे ते बघा. प्रबंध आहे का, त्याला श्रेयांक किती? मागच्या तुकड्यांच्या प्रबंधांचे विषय वाचून पुढचं वाचायची उत्सुकता वाटते का? उपयोजितमध्ये बाहेरच्या संस्थेत प्रत्यक्ष काम मिळतं, की नुसती सॉफ्टवेअरची बटणं शिकवतात? पीएचडी मनात असेल, तर प्रबंध असलेलाच अभ्यासक्रम घ्या आणि मार्गदर्शक कोण मिळेल ते प्रवेशाआधी विचारा. नोकरीसाठी जायचं असेल, तर प्रोग्रॅमिंग आणि संख्याशास्त्र दोन्ही वाटांवर लागतंच.

त्याने प्रबंध असलेला उपयोजित अभ्यासक्रम घेतला. शेवटच्या भेटीत रकाना भरलेला होता: पूरनकाशावरची अनिश्चितता बचाव पथकांना कळेल अशी कशी दाखवावी.